स्थिर फोटो, हलता व्हिडिओ अन् मधली गंमत: गावात बसून प्रायोगिक व्हिडिओ कसा करायचा

पहिले एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, हे रील बनवायचं गाईड नाही. रीलमध्ये पहिल्या दोन सेकंदात काहीतरी उडालं-पडलं पाहिजे, नाहीतर बघणारा अंगठ्याने पुढे ढकलून देते, इथे दोन मिनिटं काहीच हललं नाही तरी चालते आणि बऱ्याचदा तेच पाहिजे असते. प्रायोगिक व्हिडिओ म्हटलं की लोकांना वाटते मुंबई-दिल्लीची आर्ट गॅलरी, लाखाचे कॅमेरे, भिंतीवर न समजणाऱ्या इंग्रजी पाट्या. तसं काही लागत नाही. फोटो कुठे संपते अन् व्हिडिओ कुठे सुरू होते त्या मधल्या जागेत आपल्याला खेळायचं आहे, त्याला एक बऱ्यापैकी मोबाईल, एक स्टँड आणि एका जागी बसून राहायची तयारी एवढंच लागते, आणि तिसरी गोष्ट तर आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बारा ते चार फुकटच मिळते.

माझं म्हणणं एकच आहे आणि खालचं सगळं त्याच्याच भोवती आहे: हालचाल जपून वापरा. आधी काय थांबवायचं ते ठरवा, मग काय हलवायचं ते. लग्नाच्या व्हिडिओत मिक्सिंगवाले भाऊ नेमकं उलटं करतात, फोटो फिरते, फुलं पडतात, हृदयातून नवरदेव बाहेर येते, आणि शेवटी लक्षात काहीच राहत नाही कारण सगळंच हलून राहिलं होतं.

सामान आणि जुगाड

मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (जिथे सगळं हाताने ठरवता येते) असला तर उत्तम. नसला तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप टाका, त्यात फोकस आणि एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) लॉक होते, व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचं माप) हाताने ठरवता येते आणि रिपीट नावाची सोय आहे, म्हणजे दर इतक्या सेकंदांनी एक फोटो आपोआप काढत राहते. एडिटिंगला लॅपटॉप असला तर डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन किंवा केडेनलाइव्ह, दोन्हीत फोटोंची अख्खी रांग एक क्लिप म्हणून टाकता येते. लॅपटॉप नसला तर मोबाईलवरच्या कोणत्याही एडिटरमध्ये एका फोटोचा वेळ किती ठेवायचा हे बदलता आलं पाहिजे, बस.

स्टँड मात्र घ्याच, स्वस्तातला चालते. पण आपली माती काळी आहे हे विसरू नका, पाऊस पडून गेला असला की स्टँडचा एक पाय हळूहळू खचते, डोळ्याला दिसत नाही, पण तीन तासांचा टाइमलॅप्स (थांबून-थांबून काढलेले फोटो जोडून वेळ पळवणं) पंधरा सेकंदात पाहिला की अख्खं वावर एका बाजूला कलंडून राहिलं असं दिसते. म्हणून तिन्ही पायांखाली विटेचे तुकडे किंवा फरशी ठेवा. वाऱ्याचा दिवस असला तर मधल्या दांड्याला सुतळीने एक दगडाची थैली लटकवा.

मग लॉकचा विषय. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स हे तिन्ही लॉक. एचडीआर बंद, ब्युटी बंद, आणि मोबाईल स्टँडवर असला तर स्टॅबिलायझेशनही बंद. काऊन? कारण मोबाईल स्वतःला लय हुशार समजते, ढग आला की उजेड वाढवते, लाल लुगडं फ्रेममध्ये आलं की रंग बदलते, आणि तुम्ही जे थांबवलं आहे असं तुम्हाला वाटून राहिलं ते खरं तर थरथरत असते. स्थिर चित्रात एवढीशी थरथरसुद्धा खोटी वाटते.

घरात बल्बच्या उजेडात शूट करत असाल तर अजून एक भानगड, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच एलईडी बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. शटर (एक चित्र घ्यायला कॅमेरा किती सेकंद उघडा राहते ते) १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. प्रो मोड नसला तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करून पहा.

उन्हाळ्याचं सांगायलाच नको. ४५ डिग्रीत उन्हात ठेवलेला मोबाईल थोड्याच वेळात गरम झाल्याचा मेसेज देऊन कॅमेरा बंद करते. कव्हर काढा, एअरप्लेन मोड टाका, स्क्रीनचा उजेड कमी करा आणि वर छत्री बांधा. ओलं फडकं वगैरे गुंडाळू नका. आणि पावसाळ्यात आभाळ गरजायला लागलं की स्टँड-बिंड सोडून पहिले घरी या, वावरात एकट्या उभ्या माणसावर वीज पडल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी असतात, कोणताच शॉट तेवढा महाग नाही.

पहिला प्रयोग: काहीच करायचं नाही

कडुनिंबाखाली बसलेला बैल घ्या. दुपारची वेळ, जेवून बसलेला, रवंथसुद्धा थांबलेली. मोबाईल त्याच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे स्टँड पूर्ण खाली करून, आणि फ्रेम अशी की अंग पूर्ण येते पण शेपटी येत नाही (शेपटी आली की खेळ संपला, ती थांबतच नाही). रेकॉर्डिंग सुरू करा आणि दूर जाऊन बसा. दहा मिनिटं तरी.

नंतर पाहताना कळते की पहिला अर्धा मिनिट हा फोटोच वाटते. मग कान फडकते. एकदाच. त्या एका कानाने अख्खा फोटो व्हिडिओ होऊन जाते, आणि त्यानंतर बघणारा आपोआप बारीक पाहायला लागते, पोट वरखाली होऊन राहिलं का, डोळ्यापाशी माशी आहे का, पानांची सावली सरकली का. तुम्हाला एडिटिंगमध्ये फक्त एवढं ठरवायचं आहे की कान कितव्या सेकंदाला फडकला पाहिजे. वीसच्या आत आला तर लोकांना तो व्हिडिओच वाटते, दीड मिनिटाच्या पुढे गेला तर मोबाईल अटकला समजून ते उठून जातात. मला चाळीस ते पन्नास सेकंद बरोबर वाटते, पण हे ज्याचं त्याने पाहावं.

कान लवकर फडकला असेल तर त्याच्या आधीची एक फ्रेम (व्हिडिओतलं एक सुटं चित्र) फ्रीझ करून, म्हणजे थांबवून, वेळ वाढवता येते. पण यात एक बारकावा आहे. मोबाईलच्या व्हिडिओत, विशेषतः सावलीत, बारीक दाणे नाचत असतात, फ्रीझ केलं की ते दाणे एकदम थांबतात आणि लाईव्ह सुरू झालं की पुन्हा नाचतात, चांगल्या डोळ्याच्या माणसाला तो जोड लगेच दिसते. त्यापेक्षा जिथे काहीच हललं नाही असा एक-दोन सेकंदाचा तुकडा घ्या, तो सरळ, मग उलटा, मग सरळ असा जोडत जा. दाणे नाचत राहतात, बैल थांबलेला राहते.

हे "काहीच न होणं" नवीन नाही बरं का. अमेरिकेतल्या अँडी वॉरहॉल नावाच्या चित्रकाराने १९६४ साली न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर कॅमेरा लावून ठेवला आणि तो पिक्चर आठ तासांच्या वर आहे, त्यात एक बिल्डिंग, अंधार होणं आणि दिवे लागणं-विझणं, बस. त्यातही एक चलाखी होती, शूट केलं सेकंदाला २४ फ्रेमने आणि दाखवलं १६ फ्रेमने, म्हणजे वेळ गुपचूप ताणला. आठ तास पाहा असं मी म्हणत नाही. पण वेळ हेच सामान आहे हे त्यातून समजते.

थोडा हिशेब

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम, आपल्याकडच्या टीव्हीचं गणित २५, मोबाईल बहुतेक ३०. शाळेत शिकवलं होतं की डोळ्यात चित्र काही वेळ टिकून राहते म्हणून हलताना दिसते, ते स्पष्टीकरण आता पुरेसं मानत नाहीत. दोन स्थिर चित्रांमधली रिकामी जागा मेंदू स्वतः भरून काढते, मॅक्स व्हर्टहायमर नावाच्या माणसाने १९१२ मध्ये यावर प्रयोग छापले. म्हणजे हालचाल पडद्यावर नसतेच, ती बघणाऱ्याच्या डोक्यात होते, आणि तुमच्या हातात एवढंच आहे की त्या डोक्याला किती चित्रं द्यायची.

करून पहा. अंगणातून बादली घेऊन जाणारं माणूस, पाच-सहा सेकंद. तेच शूट सेकंदाला ४ फ्रेम, ८ फ्रेम, १२ फ्रेम असं काढा. चारला ते फोटोच राहतात, एकामागून एक. बाराला माणूस चालते. आठच्या आसपास एक विचित्र जागा आहे जिथे मेंदू धड फोटोही मानत नाही अन् धड चालणंही, आणि आपलं निम्मं काम त्याच जागेत आहे.

फोटो किती काढायचे याचा हिशेब सोपा आहे, पाहिजे तेवढे सेकंद गुणिले फ्रेम. दहा सेकंद, १२ फ्रेम, १२० फोटो. दहा सेकंद, २५ फ्रेम, २५० फोटो. एक फोटो चार एमबीचा धरला तर २५० फोटो म्हणजे एक जीबी, तेव्हा निघायच्या आधी मोबाईलमधले गुड मॉर्निंगचे फोटो साफ करा.

अल्बमचा पिक्चर

हा माझा आवडता प्रकार आहे म्हणून जरा जास्त लिहितो. प्रत्येक घरी एक लोखंडी पेटी असते, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत फोटो असतात, आजोबांचा फेटा बांधलेला, जत्रेतल्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढचा, एखादा कोपरा वाळवीने खाल्लेला. या फोटोंचा पाच-सात मिनिटांचा पिक्चर करायचा. फोटो काढताना दाराजवळ, पण ऊन अंगावर येणार नाही अशा जागी, फोटो जमिनीवर सपाट आणि मोबाईल वरून अगदी समांतर. काचेच्या फ्रेममध्ये असला आणि काढायला घरचे नाही म्हणत असले (बऱ्याचदा म्हणतात, आणि हार घातलेला फोटो असला तर विचारूही नका) तर मोबाईलच्या मागे एक काळं लुगडं किंवा घोंगडी धरायला कोणाला तरी उभं करा, काचेत काळंच दिसते म्हणजे चमक जाते.

मोबाईलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असते आणि फुल एचडी व्हिडिओ १९२०, म्हणजे दुपटीपर्यंत आत शिरलं तरी चित्र फाटत नाही. पण आत शिरायचंच असं नाही. इथेच सगळे घसरतात. फोटो टाकला की हळूहळू झूम, दुसरा टाकला की हळूहळू पॅन (चित्र आडवं सरकवणं), हे एवढं झालं आहे की त्याचा काही अर्थच राहिला नाही. फोटोला थांबू द्या. एकट्याचा चेहरा असला तर पाच-सहा सेकंद, पंधरा माणसांचा ग्रुप फोटो असला तर पंधरा सेकंदसुद्धा कमी पडतात कारण आपल्याकडचा माणूस प्रत्येक चेहरा ओळखल्याशिवाय पुढे जात नाही, "हा आपला मोठा मामा नाही का?", "ना बाप्पा, हा त्याचा साळा". वेळ कमीजास्त करा, सगळे फोटो सारखेच सेकंद ठेवले तर तो बँकेतल्या टीव्हीवरचा स्लाइड शो होते.

जवळ जायचं असेल तर वेगळा कट घ्या. पूर्ण फोटो, मग एकदम फक्त हात. मग घड्याळ, जे नवरदेवाने उसनं घातलेलं असते. मग खुर्चीचा पाय. चेहरा शेवटी.

आणि मग ती एक जागा. क्रिस मार्कर नावाच्या फ्रेंच माणसाचा १९६२ चा ला जेते म्हणून २८ मिनिटांचा पिक्चर आहे, तो जवळजवळ पूर्ण स्थिर फोटोंचा आहे, फक्त एका ठिकाणी झोपलेली बाई डोळे उघडते ते खरं हलते. काही सेकंदच. आपल्यालाही तेच करायचं आहे पण आपल्या माणसांत. समजा आजीचे लग्नापासूनचे फोटो आहेत, शेवटचा आजचा, छपरीत खाटेवर बसलेली. तो आजचा "फोटो" खरं तर व्हिडिओ काढा. मोबाईल लॉक, आजीला म्हणा फोटो काढून राहिलो, हलू नको. ती फोटोसाठी बसते तशी बसेल, ताठ, ओठ मिटून, हात मांडीवर. वीस-तीस सेकंद जाऊ द्या. कधीतरी ती विचारेलच, "झाला का रे काढून?" आणि तिथे तिचा चेहरा सुटते. तुम्हाला पाहिजे तो तो क्षण, बोलणं सुरू व्हायच्या जरासा आधीचा, जिथे ओठ हलायला लागतात. आवाज ठेवायचा की काढायचा हे तुमचं तुम्ही ठरवा, मी काढतो. आणि नंतर तिला सांगून टाका की व्हिडिओ होता, दाखवा, ठेवू का म्हणून विचारा.

हे जमायला दोन अटी आहेत. एक, त्या शॉटचा रंग आणि उजेड आधीच्या फोटोंशी जुळला पाहिजे, जुने फोटो पिवळट असतील तर हाही थोडा पिवळट करा, फार नाही. दोन, त्याच्या आधी कुठेच झूम-पॅन केलेलं नसावं. एकदाही नाही. आधीच्या चार मिनिटांत फोटो सरकलेला असला की आजीचे ओठ हलले ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पऱ्हाटीचं फूल

आपल्याकडचा टाइमलॅप्स म्हणजे ढग पळतात नाहीतर समृद्धीवर गाड्या पळतात. त्यापेक्षा वावरात चला. आपल्याकडे आता जास्त करून लावतात त्या कपाशीचं, म्हणजे पऱ्हाटीचं, फूल सकाळी उमलते तेव्हा पांढरट-पिवळसर असते, संध्याकाळकडे गुलाबी झाक धरते, दुसऱ्या दिवशी चांगलं गुलाबी-लालसर होते, मग वाळून गळते आणि मागे बोंड राहते. वावरात रोज जाणाऱ्याला हे माहीत असते, पण रंग चढताना कोणी पाहिलेला नाही, कारण तो दिसण्याइतका लवकर चढतच नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात, पात्या लागून फुलं सुरू झाली की, धुऱ्याजवळचं एक झाड निवडा. आदल्या संध्याकाळी टोकदार मिटलेली कळी जी सकाळी उमलेल असं वाटते ती शोधा, हे घरच्या बायांना विचारा, त्यांचा अंदाज चुकत नाही. फांदीला तुराटीचा आधार देऊन सुतळीने दोन जागी बांधा, नाहीतर वाऱ्याने फूल फ्रेमच्या आत-बाहेर नाचत राहील. मोबाईल एक वीतभर लांब, कारण फार जवळ गेलं तर फोकस होत नाही. वर पांढरं कापड ताणून बांधा, म्हणजे ऊन-सावलीचा फरक कमी होते आणि मोबाईलही वाचते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हाइट बॅलन्स लॉक, सूर्याचं चिन्ह असते त्यावर किंवा ५५०० केल्व्हिनच्या आसपास. या व्हिडिओचा विषयच रंग बदलणं आहे, आणि ऑटोवर ठेवलं तर मोबाईल प्रत्येक फोटोत पांढरं कोणतं ते नव्याने ठरवते, तुमचा गुलाबी धुऊन टाकते.

दर पाच मिनिटांनी एक फोटो, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत म्हणजे अकरा तास, १३२ फोटो, १२ फ्रेमने अकरा सेकंद. पॉवर बँक लावून ठेवा, आणि मोबाईल अख्खा दिवस वावरात सोडायची हिंमत नसेल तर दर अर्ध्या तासाने जाऊन हाताने फोटो काढा, फक्त स्टँड हलवू नका, २३ फोटोच होतील पण ते ४ फ्रेमने चालवले तर झटके मारत बदलणारं फूल टाइमलॅप्सपेक्षा मला तरी जास्त आवडते. रात्रीचं काय? रात्र काळ्या फ्रेमने दाखवा. बारा तासांची रात्र किती सेकंद काळी ठेवायची हा प्रश्न लहान वाटते, पण व्हिडिओ त्यावरच उभा राहते. अर्धा सेकंद ठेवली तर फक्त डोळा मिचकावल्यासारखं होते. दिवस अकरा सेकंदाचा असेल तर रात्रही अकरा सेकंदाची ठेवून पहा, पूर्ण अंधार, फक्त रातकिड्यांचा आवाज. मग सकाळ होते ती गुलाबी.

ज्या दिवशी फवारणी असेल त्या दिवशी आणि त्यानंतर काही दिवस वावरात बसायला जाऊ नका, आजूबाजूच्या वावरातसुद्धा विचारून घ्या. बसायच्या जागेवर आधी काठी आपटा, गवतात काय असेल सांगता येत नाही.

या कामाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३) काढायच्या आधी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ थोडी थोडी करून फिल्मवर घेतली, आणि ते दाखवून पैसा उभा केला. म्हणजे आपल्या सिनेमाच्या सुरुवातीलाच एक रोपटं आहे.

तान्हा पोळा

हे थोडक्यात, कारण पोट्ट्यांना सांगायची गरजच पडत नाही. तान्ह्या पोळ्याचा (पोट्ट्यांच्या पोळ्याचा) लाकडी बैल घ्या, मोबाईल लॉक, बैल दोन बोटं पुढे सरकवा, फोटो, परत दोन बोटं, फोटो. हात फ्रेमच्या बाहेर गेल्याशिवाय बटण दाबायचं नाही. बैल चालायला लागला की मग पोट्ट्यांनाच बैल करा, उड्या मारायला लावा आणि प्रत्येक उडीत पाय हवेत असतानाच फोटो, जोडले की पोरगं जमिनीच्या वरून तरंगत जाते. याला पिक्सिलेशन म्हणतात, कॅनडाच्या नॉर्मन मॅकलॅरनने १९५२ मध्ये नेबर्स नावाच्या फिल्ममध्ये हे केलं आणि त्याला ऑस्कर मिळालं. आपल्याकडे चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत, १९७० च्या आसपास, नुसत्या रेषा-ठिपक्यांची चित्रं एकामागून एक जोडून सिझिजी नावाची फिल्म केली, त्यात ना बैल ना माणूस, तरी हलते. कागदावर पेनने करून पाहायचं असेल तर तो रस्ता आहे.

पोळा फुटतो तेव्हा

ज्याला खरंच काहीतरी मोठं करायचं आहे त्याने पोळ्याची संध्याकाळ धरावी. आखरावर (गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर) तोरणाखाली बैल रांगेने उभे असतात, शिंगं रंगवलेली, बाशिंग, झूल, घुंगरू, झडत्या (पोळ्यात म्हणायची गाणी) चालू असतात, सगळा गाव एका जागी थांबलेला. आणि मग तोरण तुटते, पोळा फुटते, एका क्षणात सगळं हलते. स्थिर आणि हलतं यांचा याच्यापेक्षा चांगला विषय मला तरी माहीत नाही, आणि तो वर्षातून एकदाच मिळते.

तयारी दोन मोबाईलची. पहिला स्टँडवर, शाळेच्या किंवा कोणाच्या तरी गच्चीवर, अख्खी रांग दिसेल असा, नॉर्मल व्हिडिओ, पोळा फुटायच्या पंधरा मिनिटं आधीपासून सुरू. दुसरा हातात किंवा बैलबंडीला चिमट्याने लावून, बाजूने, पण बैल ज्या दिशेने सुटणार त्या वाटेत अजिबात नाही. दुसऱ्याचं शटर १/५०० किंवा त्याहून जास्त ठेवा. याचं कारण असं की शटर हळू असलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पाय पुसटलेले येतात, व्हिडिओ म्हणून छान दिसते पण त्यातली एक फ्रेम काढून थांबवली तर चिखल. आपल्याला तर थांबवायचंच आहे. फक्त संध्याकाळचा उजेड कमी असते, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवावं लागेल, दाणे येतील, येऊ द्या.

घरी आल्यावर तोरण तुटल्यापासूनचे चार सेकंद कापा. २५ फ्रेमने ते १०० फ्रेम होतात (मोबाईलने ३० ने घेतलं असेल तर १२०). प्रत्येक फ्रेम अर्धा सेकंद ठेवा. चार सेकंदाचे पन्नास झाले. आता पहा, चार फोटोंनंतर तुम्ही बैल पाहणं सोडून देता आणि बाकीचं दिसायला लागते, दोरी ज्याच्या हातातून सुटली त्याचं तोंड, मागे उंचावलेलं टोपलं, हवेत थांबलेला तोरणाचा आंब्याचा डहाळा जो प्रत्येक फ्रेमला बोटभर खाली येते. डग्लस गॉर्डन नावाच्या कलाकाराने १९९३ मध्ये हिचकॉकचा सायको हा सिनेमा असाच सेकंदाला साधारण दोन फ्रेमपर्यंत हळू करून चोवीस तासांचा केला, गोष्ट सगळ्यांना माहीत असल्यामुळे गोष्टीकडे कोणी पाहत नाही, फ्रेमकडे पाहतात. पोळ्याचंही तसंच, काय होणार आहे हे गावात सगळ्यांना पाठ आहे.

मोबाईलमधलं स्लो-मोशन वापरू नका असं नाही, २४० फ्रेमने घेतलं तर एक सेकंद साधारण दहा सेकंदाचा होते आणि ते लोण्यासारखं सरकते. पण ते सुंदर दिसते, आणि सुंदर दिसलं की माणूस पाहणं थांबवते. झटके लागले पाहिजेत. एडवर्ड मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने १८७८ मध्ये अमेरिकेत पळत्या घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने लावून फोटो काढले आणि चारही पाय एकाच वेळी हवेत असतात हे दाखवलं, डोळ्याला ते कधी दिसलंच नव्हतं. तुमच्या शंभर फ्रेममध्येही असं काहीतरी निघेल. कुठल्या तरी एका फ्रेमवर तुमचा हात थांबेल, ती अर्ध्या सेकंदाऐवजी वीस सेकंद ठेवा.

गच्चीवरच्या मोबाईलचा पंधरा मिनिटांचा शॉट याच्या आधी जोडा, न कापता किंवा कमीत कमी पाच मिनिटं. तिथे लोक कंटाळतील. कंटाळू द्या, तोरणाखाली उभे असलेले बैलही कंटाळलेलेच असतात.

आवाज

चित्रासोबत आलेला आवाज बहुतेक वेळा बेकार असते, वारा आणि मोबाईल हाताळल्याची खरखर. वेगळा रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी, चित्र न पाहता. जिनिंगचा एकसुरी आवाज, पिठाची गिरणी सुरू होताना, रात्री लाईन आली की बोअरची मोटर, झडत्या म्हणणाऱ्या आबाजींचा नुसता आवाज. स्थिर फोटोवर हलता आवाज टाकला की फोटो श्वास घ्यायला लागते, आणि हलत्या चित्राचा आवाज एकदम बंद केला की ते चित्र थांबल्यासारखं वाटते, दोन्ही करून पहा. गाणं टाकू नका. सिनेमाचं तर नाहीच, ऑनलाईन टाकलं की कॉपीराइटचं लफडं होते, पण त्याहून मोठं कारण म्हणजे गाणं स्वतःच सांगून टाकते की इथे रडा, इथे हसा.

दाखवायचं कुठे

मोबाईलवर हे मरते. निंदणाच्या बाया, पोट्टे, आजी, ज्यांना तुम्ही घेतलं त्यांना पहिले दाखवा, आणि ते मोठ्या पडद्यावर. शाळेत प्रोजेक्टर असते, गुरुजींना आठवडाभर आधी सांगा. नसला तर मंडप-डेकोरेशनवाल्याकडे भाड्याने मिळते. पडद्याला पांढरी चादर, चारही बाजूंनी ताणून, कारण चादर वाऱ्याने हलली की तुमचं स्थिर चित्र पण हलते. गणपतीत मंडपात आरतीनंतर दाखवलं तर गर्दी आयतीच असते, फक्त मंडळाच्या पोरांना आधीच समजावून सांगा की यात गाणं नाही, नाहीतर मध्येच कोणीतरी डीजे लावते.

दुसरा मार्ग म्हणजे चौकातल्या पानठेल्यावरचा टीव्ही. तिथे लोक खर्रा घोटला जाईपर्यंत उभेच असतात. पेनड्राइव्हमध्ये व्हिडिओ एमपी४, एच.२६४, १०८० मध्ये काढून द्या, बहुतेक टीव्ही हे वाचतात. पेनड्राइव्ह फॅट३२ असला तर चार जीबीच्या वरची एक फाईल त्यात बसतच नाही, लांब व्हिडिओ असला तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा जाते ते) कमी करा किंवा तुकडे करा. बैलाच्या व्हिडिओसाठी टीव्हीत रिपीट चालू करा, आणि पहिली फ्रेम व शेवटची फ्रेम दोन्ही जिथे काहीच हलत नाही अशाच ठेवा म्हणजे जोड दिसत नाही. काही टीव्ही फाईल पुन्हा सुरू करताना सेकंदभर काळे होतात किंवा मध्येच नाव दाखवतात, त्याला उपाय म्हणजे एडिटरमध्येच तोच व्हिडिओ पंधरा-वीस वेळा एकापुढे एक जोडून तासाभराची एकच फाईल करून देणे. ठेलेवाल्याला सांगून ठेवा की टीव्ही बिघडला नाही, कान फडकेपर्यंत रिमोटला हात लावायचा नाही.